गर्भाशयाची पिशवी काढल्यानंतर: दवाखान्यापासून तीन महिन्यांपर्यंत काय होतं आणि काय करायचं

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, आता पथ्य काय?" त्यांच्या मनात असतं खाण्यापिण्याचं. वांगं चालेल का, दही द्यायचं का, भात बंद करायचा का. स्त्रियांच्या वॉर्डात बावीस वर्षं काम करताना माझं उत्तर ठरलेलं असायचं: खा काहीही, पण सहा आठवडे काही उचलू नका. माना डोलावून माणसं निघून जायची. चार वर्षांपूर्वी गाठींमुळे माझीच पिशवी काढावी लागली, पोटावर छेद घेऊन. तेव्हा कळलं, की मी एका वाक्यात सांगत होते ते घरात पाळणं किती अवघड आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जिचं ऑपरेशन होणार आहे तिने वाचावंच, पण तिच्या घरातल्यांनी आधी वाचावं.

आधी विचारा: नेमकं काय काढलं?

"पिशवी काढली" एवढंच बहुतेकींना माहीत असतं. त्या दोन शब्दांत तीन-चार वेगवेगळी ऑपरेशनं मावतात आणि पुढचं बरंच काही त्यावर ठरतं.

गर्भाशय तोंडासकट काढलं की तोंड ठेवलं? तोंड ठेवलं असेल तर पुढेही गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी करत राहावी लागते, आणि काहींना महिन्याच्या महिन्याला डाग दिसू शकतो. अंडाशय ठेवले की काढले? एक ठेवला की दोन्ही? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्याकडे पुढे येते. आणि ऑपरेशन कोणत्या मार्गाने झालं: पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीने, की खालून? अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भाशय खाली उतरत असेल, तर बहुतेक वेळा खालूनच करतात, पोटावर एकही टाका नसतो. कॅन्सरसाठी केलेलं ऑपरेशन बरंच मोठं असतं. आजूबाजूच्या लसिका ग्रंथीही काढतात आणि लघवीची नळी जास्त दिवस ठेवावी लागू शकते, त्यामुळे त्या बाईने आपल्या डॉक्टरांच्या सूचना या लेखापेक्षा वर ठेवाव्यात.

आणखी एक. ऑपरेशन झाल्यावर थिएटरच्या दारात ट्रेमध्ये गर्भाशय दाखवायची पद्धत आपल्याकडे आहे. नातेवाईक घाबरत बघतात, मान हलवतात, विषय संपतो. तसा तो संपू देऊ नका. काढलेला भाग पॅथॉलॉजीच्या तपासणीला जायलाच हवा. त्याचा रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत येतो. तो हातात घ्या आणि डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा. साधी गाठ समजून काढलेल्या पिशवीत क्वचित कधी वेगळंच निघतं आणि ते वेळेवर कळणं फार मोलाचं असतं. टाके काढायला येतात, पण रिपोर्ट न्यायला विसरतात, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

दवाखान्यातले दिवस

पोटावरच्या छेदाला साधारण तीन ते पाच दिवस राहावं लागतं, दुर्बिणीने किंवा खालून केलं तर एक-दोन दिवस. पहिल्या दिवशी हाताला सलाईन, लघवीला नळी, आणि खालून केलं असेल तर योनीत कापडी पट्टीचा बोळा. बोळा आणि नळी बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. नळी निघाल्यावर पहिल्यांदा लघवी होईपर्यंत सिस्टर दोनदोनदा येऊन विचारतात, त्याला कंटाळू नका. पहिली एक-दोन वेळा जळजळ होते. लघवीची भावना आहे पण होतच नाही, असं असेल तर लाजून गप्प न बसता सांगा.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर काही तास पाय जड राहतात. काहींना नंतर डोकं दुखतं. बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. हेही सांगण्यासारखं आहे, त्याला उपाय आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बायका म्हणतात, "सिस्टर, ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा!" पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो. उरलेला वायू छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याची कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते. चालल्याने लवकर जाते.

चालणं. यावर मी कधीच तडजोड केली नाही. बहुतेकींना चोवीस तासांच्या आत उठवतात, तेव्हा पेशंट आणि तिची आई दोघी मिळून रागाने बघतात. पण पडून राहिलं की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, आतडी सुस्तावतात, छातीत कफ साठतो. पडल्या पडल्याही पावलं वर-खाली हलवत राहा, तीन चेंडूंचं फुंकण्याचं यंत्र दिलं असेल तर ते वापरा. गुठळी होऊ नये म्हणून काहींना पोटाच्या कातडीखाली छोटं इंजेक्शन देतात, त्याने निळसर डाग पडतो, घाबरायचं कारण नाही.

उठायची रीत मात्र नीट शिकून घ्या, ती पुढचे सहा आठवडे लागणार आहे. उताणं पडलेलं असताना सरळ उठून बसू नका. गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदमच फिरवून एका कुशीवर या. पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताने गादी दाबत अंग उचला. सगळा जोर हातांचा, पोटाचा शून्य. बसल्यावर दोन मिनिटं थांबा, चक्कर येत नाही ना बघा, मग उभ्या राहा. झोपताना हेच उलट्या क्रमाने. खोकला, शिंक, हसू येतंय असं वाटलं की उशी किंवा चौघडी केलेला टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरा. माझी ती उशी महिनाभर माझ्याबरोबर खोलीभर फिरत होती.

आणि पाद सुटला की आनंद माना. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर राउंडला येऊन "वारा सरला का?" हेच विचारतात, कारण आतडी जागी झाल्याची ती खूण असते.

घर आधी तयार करा

हे काम ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातच उरकायचं. झोपायला कॉट हवा. जमिनीवरच्या गादीवरून उठताना सगळा ताण पोटावर येतो. देशी संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची भाड्याने मिळते, निदान तीन-चार आठवडे ती वापरा. रोजचा डबा, औषधं, चहा-साखर, कपडे हे सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. फडताळाच्या वर नको, ओट्याखाली नको.

आणि घरात कोणती कामं कोण करणार हे नावानिशी ठरवा. "आम्ही सगळे आहोत ना, बघू" म्हणजे कोणीच नाही. पाणी कोण भरणार? कणीक कोण मळणार? कपडे पिळून दोरीवर कोण टाकणार? झाडू-फरशी? सासूबाईंना उठवून बसवायचं असेल तर कोण? बाळंतपणाला आपल्याकडे सव्वा महिना हक्काने मिळतो, माहेर मिळतं, तेल-मालिश मिळते. या ऑपरेशनला तसा काही रिवाज नाही. म्हणून तो ठरवून घ्यावा लागतो.

घरी येताना रिक्षापेक्षा गाडी बरी. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी ठेवा. दोन-तीन तासांचा प्रवास असेल तर तासाभराने थांबून पाच मिनिटं चाला.

पहिला आठवडा

दुखतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पहिले तीन-चार दिवस वेदनाशामक गोळी घड्याळ लावून घ्या, फार दुखेपर्यंत थांबू नका. एकदा कळ डोक्यात गेली की ती उतरायला वेळ लागतो, शिवाय दुखतंय म्हणून चालणं थांबतं आणि पुढची सगळी गाडी अडते. कोणती गोळी, किती, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ॲसिडिटी, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मेडिकलमधून मनाने दुसरी गोळी आणू नका.

टाक्यांपेक्षा जास्त रडवते ती शौचाला न होण्याची तक्रार. भूल, वेदनाशामकं, कमी हालचाल आणि लोहाच्या गोळ्या, सगळ्यांचा परिणाम एकच. कुंथायचं अजिबात नाही. रात्री कोमट पाण्यात इसबगोल, दिवसभर पाणी, पपई, भिजवलेले मनुके, पालेभाजी, आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. तीन दिवस झालं नाही तर फोन करा. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, ते रक्त नव्हे.

अंगावरून थोडं जातं. आधी लालसर, मग तपकिरी, मग पिवळट. चार-सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास एकदम थोडं ताजं लाल दिसू शकतं. आतल्या टाक्यांवरची खपली निघते तेव्हा असं होतं. पॅडवर दोऱ्याचा बारीक तुकडा दिसला तरी घाबरू नका, आतले टाके विरघळणारे असतात आणि त्यांचे तुकडे असेच पडतात. वापरायचं ते पॅडच. आत काहीही घालायचं नाही, आत पाणी मारून धुवायचं नाही, आणि नदी, तलाव, स्विमिंग पूल तपासणीपर्यंत बंद.

अंघोळ डॉक्टरांनी सांगितलं की उभ्याने किंवा स्टुलावर बसून, मगाने. बहुतेक ठिकाणी दोन दिवसांनंतर पाणी लागू देतात, काही डॉक्टर टाके निघेपर्यंत थांबायला सांगतात. साबणाचं पाणी टाक्यांवरून वाहून गेलं तर चालतं, घासायचं नाही. मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्या. हळद, खोबरेल, पावडर, राख काहीही लावू नका. पोट सुटलेल्या बाईचा आडवा छेद घडीखाली लपतो, तिथे घाम साठतो आणि टाके तिथेच चिघळतात. दिवसातून दोनदा आडवं होऊन घडी वर उचलून हवा लागू द्या, आरशाने किंवा लेकीला सांगून बघत जा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हाच टाक्यांवरचा मलम. वरचे टाके काढायचे असतील तर साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात.

खाण्याचं काय?

भाताने टाके पिकतात, केळ्याने पू होतो, आंबट खाल्लं की जखम ओली राहते. हे ऐकून वरण-भातावर वाढलेल्या बाईला महिनाभर नुसत्या भाकरीवर ठेवलेलं मी पाहिलं आहे. यातलं काही खरं नाही. पू होतो तो जंतूंमुळे. जखम भरायला उलट प्रथिनं लागतात: डाळी, उसळी, दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, चालत असेल तर चिकन. लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्वही लागतं. पहिले दोन दिवस मऊ खिचडी, पेज, मऊ भात, मग घरचं नेहमीचं जेवण. गॅस होत असेल तर वाटाणा, चवळी, कोबी आठवडाभर लांब ठेवा, एवढंच.

मात्र डिंकाचे, मेथीचे तूप घातलेले लाडू रोज दोन-दोन नको. ही बाळंतीण नव्हे, दूध पाजायचं नाही, आणि हालचाल कमी असल्याने ते सगळं पोटावर बसतं.

अंगावरून वर्षानुवर्षं जास्त गेल्यामुळेच बऱ्याच जणींवर ही वेळ येते, म्हणजे रक्त आधीच कमी असतं. माझं हिमोग्लोबिन ऑपरेशनच्या दोन महिने आधी ८ होतं. लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

दहावा दिवस: इथे सगळ्या फसतात

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

आठव्या-दहाव्या दिवशी टाके निघतात. वरची रेघ कोरडी, स्वच्छ. दुखणं निम्म्यावर. भेटायला येणारी माणसं म्हणतात, "अगंबाई, किती टवटवीत दिसतेस!" आणि बाई उठते. आधी ओटा पुसते. मग कुकर चढवते. मग कणीक तिंबते. कोणी तिला सांगितलेलं नसतं, पण कोणी थांबवतही नाही.

मी थांबले नाही. मला सगळं माहीत होतं, तरी. पंधरावा दिवस होता. सकाळी नळाला पाणी आलं होतं, मुलगा अंघोळीला, हे दूध आणायला गेलेले. बादली काठोकाठ भरून वाहायला लागली. मी ती उचलून फक्त बाजूला ठेवली, दोन पावलं. उजवीकडे टाक्याच्या टोकाशी आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. संध्याकाळी पॅडवर लाल डाग वाढला, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, सुदैवाने काही उसवलं नव्हतं. त्यांनी रागवायला हवं होतं, त्या फक्त म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीसुद्धा?"

आत काय असतं ते समजून घ्या. पोटाची कातडी सात-दहा दिवसांत जुळते. तिच्याखाली स्नायूंना बांधून ठेवणारा जाड पांढरा पडदा असतो, पोटाची खरी ताकद त्याची. तोही कापून शिवलेला असतो आणि दीड-दोन महिन्यांनी त्याची ताकद मूळच्या निम्म्याच्या आसपास येते. त्याच्याही खाली, योनीच्या वरच्या टोकाला, जिथून गर्भाशय काढलं तिथे टाक्यांची आणखी एक रांग असते. दुर्बिणीने किंवा खालून केलेल्या बायकांना पोटावर काही दिसत नाही म्हणून त्या लवकर कामाला लागतात, पण ही आतली रांग त्यांच्यातही असते. आपण वजन उचलतो तेव्हा श्वास कोंडतो, पोटातला दाब खाली ढकलला जातो आणि तो नेमका या दोन शिवणींवर येतो. आज काही झालं नाही तरी पुढे पोटावर हर्निया होतो, किंवा योनीचा वरचा भाग खाली उतरायला लागतो.

म्हणून सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, आणि पहिले दोन आठवडे दुधाची पिशवी किंवा पाण्याचा तांब्या याहून जड नाही. घरातल्या वस्तूंचा अंदाज घ्या. भरलेली बादली पंधरा किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. दीड वर्षाचं नातवंड दहा-अकरा किलो. त्याला उचलायचं नाही, खाली बसलेलं असताना कुशीत घ्यायचं. पाच लिटरचा भरलेला कुकर चार-पाच किलो, तोही नको. ओलं ब्लँकेट पिळणं, कपाट सरकवणं, शटर ओढणं, हापसा मारणं, जड कणीक जोर लावून मळणं, उकिडवं बसून फरशी पुसणं हे सगळं उचलण्यातच मोडतं, कारण दाब तोच पडतो. ओट्याशी उभं राहून चहा करणं, भाजी निवडणं, टेबलावर बसून चिरणं, कपड्यांच्या घड्या घालणं दोन-तीन आठवड्यांनी चालेल. पाटावर बसून विळीवर चिरणं नको.

घरातल्या पुरुषांना मी हात जोडून सांगते: तिने मागायची वाट बघू नका. पाणी आलं की बादली तुम्ही उचला.

हे मी लिहिते आहे आणि माझ्यासमोर शेतावर, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातला प्रश्न विधिमंडळात आला, तेव्हा तीन वर्षांत तिथे ४,६०५ गर्भाशयं काढल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. ती ऑपरेशनं गरजेची होती का, हा फार मोठा आणि संतापाचा प्रश्न आहे. पण त्यांतल्या कितीतरी जणी मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडायची आणि खाडा पडला तर पैसे कापले जातील म्हणून महिना-दीड महिन्यात पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन उभ्या राहिल्या, हे मला झोपू देत नाही. अशा बाईच्या ऑपरेशनचा दिवस ठरवताना हंगाम बघा. तातडीचं नसेल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, पुढचे तीन महिने हातात असताना करा. डॉक्टरांकडून "जड काम वर्ज्य" असं कागदावर लिहून घ्या. आणि नुसतं पांढरं जातंय, पोट दुखतंय एवढ्यावर कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

दुसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

दमायला होतं. दुपारी चारला अंगातला जीव गेल्यासारखं. चौथ्या आठवड्यातही असं होतं आणि ते आळसाचं लक्षण नाही. दुपारी तासभर आडवं व्हाच.

चालणं वाढवत न्या. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, इथून सुरुवात. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत अर्धा तास सलग चालता येणं चांगलं. मोजमाप सोपं आहे: आज चाललात आणि उद्या जास्त दुखलं किंवा लाल डाग वाढला, तर एक पायरी मागे या. जिने चालतात, कठड्याला धरून, सावकाश.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम नळी निघून लघवी नीट व्हायला लागली की सुरू करता येतो. लघवी आणि वारा दोन्ही अडवताना जे स्नायू आकसतात ते आत-वर ओढा, मोजून पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, मांड्या-नितंब आवळायचे नाहीत, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. अंग बाहेर येत होतं म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईने तो आयुष्यभर करावा. सूर्यनमस्कार, कपालभाती, पोटाचे व्यायाम तीन महिन्यांपर्यंत नको, तेही विचारून.

पोटाचा पट्टा? चालताना आधार वाटत असेल तर बांधा, झोपताना सोडा. पट्ट्याने पोट आत जात नाही. संध्याकाळी पोट फुगल्यासारखं होणं काही महिने चालतं.

स्कूटर, गाडी चार ते सहा आठवड्यांनी. एकदम करकचून ब्रेक मारताना पोटात कळ येत नाही, ही कसोटी. गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर अजिबात नाही. आणि स्कूटर मधल्या स्टँडवर चढवणं तीन महिने दुसऱ्याकडे द्या.

बसून करायचं काम साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरू करता येतं, दुर्बिणीचं असेल तर थोडं आधी. लोकलच्या गर्दीत चढायचं असेल तर ते काम बैठं धरू नका. धक्का, लटकणं, तासभर उभं राहणं सगळं त्यात येतं. कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्या आणि ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) नाव असणाऱ्या बाईला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. वर्गणीच्या दिवसांची अट आहे. डिस्चार्जच्या वेळीच तसं सर्टिफिकेट मागा.

यातलं काही दिसलं तर थांबू नका

ताप १००.४ किंवा जास्त. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गुठळ्या, किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. टाके लाल, गरम, सुजलेले, पू, किंवा शिवण उघडणं. पोट फुगत जाणं आणि उलट्या, वाराही न सरणं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक धाप, छातीत दुखणं, या दोन्हींत मिनिटही न घालवता १०८ ला फोन करा. लघवी अजिबात न होणं, कमरेच्या एका बाजूला तीव्र कळ.

आणि एक लक्षण, जे बायका सांगत नाहीत: सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास खालून सतत पाण्यासारखं ठिबकणं, झोपेतही. "पांढरं जात असेल" म्हणून आठवडेच्या आठवडे कपडे बदलत राहतात. मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला क्वचित इजा होते, तेव्हा लघवी अशी झिरपते. ती दुरुस्त करता येते. लगेच सांगा.

अंडाशय, वाफा आणि रडू

अंडाशय ठेवले असतील तर पाळी थांबते, पण हार्मोन्स चालू असतात. काहींना महिन्यातून एकदा छाती जड होते, चिडचिड होते, पाळी तेवढी येत नाही. पाळी जाण्याचा काळ मात्र एखाद-दोन वर्षं आधी येऊ शकतो.

दोन्ही अंडाशय काढले असतील आणि पाळी अजून चालू असेल, तर जे चार-पाच वर्षांत हळूहळू झालं असतं ते चार-पाच दिवसांत होतं. अंगातून वाफा निघतात, रात्री पदर भिजेपर्यंत घाम येतो, झोप उडते, योनी कोरडी पडते, विसरायला होतं. वयाच्या पंचेचाळिशीआधी असं झालं तर हाडं आणि हृदय यांनाही पुढे फटका बसतो. म्हणून अशा बाईने "हार्मोनची गोळी मला चालेल का?" हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारावा. गर्भाशय नसल्याने बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं आणि ते नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत घेता येतं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेल्यांना सहसा देत नाहीत.

रडू सगळ्यांनाच येऊ शकतं, अंडाशय असोत नसोत. तीन मुलं झालेल्या, पन्नाशीच्या बाईलाही. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "माझ्या पोरांचं घर होतं गं ते." त्यांना "आता त्याचा काय उपयोग होता?" असं सुनावणारी माणसं शेजारीच बसली होती. कृपा करून असं बोलू नका. दुसरीकडे, पॅड आणि दुखण्यातून सुटल्याचा निव्वळ आनंद होणाऱ्याही खूप आहेत, त्यांनी त्यात अपराधी वाटून घेऊ नये. दोन-तीन आठवडे रोज रडू येतंय, कशात मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय असं असेल तर ते डॉक्टरांना सांगण्याइतकंच खरं दुखणं आहे.

पोटात पोकळी राहत नाही. आतडी आणि मूत्राशय ती जागा घेतात. बाईपण जात नाही, दाढी-मिशा येत नाहीत.

नवरा-बायकोचं

हा प्रश्न दारात घुटमळून, चप्पल घालता घालता विचारतात. उत्तर: निदान सहा ते आठ आठवडे नाही, आणि तपासणी होऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही. दुर्बिणीने केलेल्यांना काही डॉक्टर बारा आठवडे थांबायला सांगतात, कारण आतल्या टोकाची शिवण उघडण्याचा धोका, क्वचित असला तरी, त्यात थोडा जास्त असतो. नंतर सुरुवातीला कोरडेपणा, भीती, ओढल्यासारखं वाटणं साहजिक आहे. मेडिकलमध्ये वंगणाचं जेल मिळतं, ते वापरा. घाई नको. नवऱ्याला हे सांगायला जड जात असेल तर त्याला तपासणीला बरोबर आणा, आम्ही सांगतो. कितीतरी पुरुष ऐकून घेतात, त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

सहा आठवड्यांची तपासणी, आणि पुढे

बरं वाटतंय म्हणून ही तपासणी चुकवू नका. आतली शिवण डोळ्यांनी बघून डॉक्टर ठरवतात. जाताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, हिमोग्लोबिनचा नवा कागद आणि लिहून काढलेले प्रश्न न्या: वजन केव्हापासून, किती? शेतावर केव्हा? लोह-कॅल्शियम किती महिने? पॅप तपासणी लागेल का?

परवानगी मिळाली तरी सातव्या आठवड्यात सगळं एकदम सुरू करू नका. बादली अर्धी भरा. शेतातलं, ओझ्याचं काम बारा आठवड्यांनंतर. टाक्यांभोवतीची कातडी बधिर राहते, खाज येते, कपडा लागला की झिणझिण्या येतात. सहा महिने, कधी वर्षभर. माझ्या डावीकडचा दोन बोटांचा भाग अजून बधिर आहे, त्याने काही अडत नाही.

शेवटचं काम कागदांचं. वॉर्डात साठीच्या बायका पोटात गोळा घेऊन येतात. आम्ही विचारतो, पिशवी काढली तेव्हा अंडाशय ठेवले होते का? त्या मुलाकडे बघतात, मुलगा बापाकडे. कोणालाच माहीत नसतं, दवाखाना बंद झालेला, कागद पावसात गेलेले. तुमचं डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, दोन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो काढून लेकीला पाठवा, आणि एक संच रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा. मागच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: काय काढलं, काय ठेवलं, कोणत्या तारखेला.